बटणाच्या अलीकडे

गाढव उशिरा उडालं. फार नाही, पापणी लवायला लागतो त्याच्याही अर्ध्या वेळाने. पण त्याने अंगठा दाबला होता तो खड्ड्याच्या चांगला अलीकडे, आणि पडद्यावरच्या गाढवाने पाय उचलले ते काठावरून घसरल्यावर. पाठीवरच्या गोण्यांसकट ते खाली गेलं, खालून एक केविलवाणं ओरडणं आलं, आणि चौथ्या मजल्यावरची ती काचेची खोली मनापासून हसली.

“काय मीटरकाका,” विक्रीप्रमुख म्हणाला, “सव्वीस वर्षांत पहिल्यांदा पडलात!”

“मी नाही पडलो. गाढव पडलं.”

“लगाम कोणाच्या हातात होता?” संचालकांनी विचारलं, आणि ते स्वतः हसले म्हणून बाकीच्यांनी पुन्हा एकदा हसून घेतलं.

“उशिरा उडतंय,” तो म्हणाला. “मी दाबतो तेव्हा उडत नाही. नंतर उडतं.”

आता कोणी हसलं नाही. विक्रीप्रमुखाने भिंतीवरच्या, उशीर मोजणाऱ्या मीटरकडे बोट दाखवलं. हिरवे आकडे अडतीसवर स्थिर होते. “अडतीस मिलिसेकंद. काका, हा मीटर लावला कोणी?”

“मी.”

“मग?”

विक्रीप्रमुखाने त्याच्या हातातून खेळायचं यंत्र काढून घेतलं आणि संचालकांशी बोलता बोलता, पडद्याकडे धड न बघता, गाढवाला नऊ खड्डे पार करून दाखवले. विक्रीप्रमुख गेले तीन महिने रोज हेच गाढव हाकत होता. त्याच्या घरी बायकोने मुलाला ‘बाबा कुठे आहेत’ विचारलं तर मुलगा ‘गाढवावर’ असं सांगायचा म्हणे. “मला तर कुठे उशीर दिसला नाही बुवा,” संचालक म्हणाले. त्यांनी ते यंत्र आजवर एकदाही हातात धरलं नव्हतं. बघणाऱ्याला उशीर कधीच दिसत नाही. ज्याचा अंगठा, त्यालाच तो कळतो. हे त्याला सांगावंसं वाटलं, पण सांगावंसं वाटणं आणि तोंड उघडणं यांच्या मधल्या वेळात संचालक उठले होते. “तीन वाजता पुन्हा बसू. कागद तयार आहे, तुमची सही झाली की टीव्हीखालच्या खोक्यांची ऑर्डर जाते. आता पाय मागे घेऊ नका हो, तुमच्या भरवशावर साठ माणसं घेतलीत नवीन विभागात.”

साठ माणसं. जिना उतरताना तो आकडा त्याच्याबरोबर पायरी पायरी उतरत राहिला. लिफ्ट होती, पण लिफ्टमध्ये बटण दाबावं लागलं असतं, आणि आत्ता कुठलंही बटण दाबून काय होतं ते बघत उभं राहण्याची त्याची तयारी नव्हती. कंपनी अकरा लाख घरांत केबल आणि इंटरनेट पोचवत होती. पोचवत होती म्हणजे काय, तर नळी आपली आणि पाणी दुसऱ्याचं. सिनेमे दुसऱ्यांचे, मालिका दुसऱ्यांच्या, कमाई दुसऱ्यांची, आणि चित्र अडकलं की शिव्या मात्र आपल्या. त्यातून वर्षभरापूर्वी संचालकांच्या डोक्यात निघालं की केबलवाल्याने खेळाच्या धंद्यात उतरायला काय हरकत आहे? व्हिडिओ गेम खेळायला लोक महागडं यंत्र विकत घेतात. ते कशाला घ्यावं? खेळ चालेल कंपनीच्या यंत्रावर, आठ किलोमीटर लांब, थंडगार खोलीत. चित्र वायरीतून घरी जाईल, अंगठ्याची आज्ञा वायरीतून परत येईल, आणि मधे काम करेल ते टीव्हीखाली आधीच धूळ खात पडलेलं आपलं खोकं, जरा सुधारून. “खेळवाल्यांकडे दुकानं आहेत,” संचालक म्हणायचे, “आपल्याकडे घरं आहेत.” वाक्य चांगलं होतं. त्यावर दोन समित्या बसल्या, तीन अहवाल उठले. त्याला स्वतःला सुरुवातीपासून एक गोष्ट टोचत होती आणि त्याने ती दुसऱ्या समितीत बोलूनही दाखवली होती: सिनेमा म्हणजे पत्र आहे, दोन सेकंद उशिरा आलं तरी मजकूर तोच राहतो. खेळ म्हणजे भांडण आहे. भांडणात उत्तर उशिरा आलं तर ते भांडण राहत नाही, नुसती दोन माणसं ओरडत राहतात. समितीने हे विधान इतिवृत्तात ‘सदस्यांनी मनोरंजक मत मांडले’ असं नोंदवलं.

आणि तो कागद. कायदा विभागाने तो मोठ्या कौशल्याने लिहिला होता. मीटरचे आकडे वर होतेच, पण खाली एक वाक्य होतं: ‘मी स्वतः खेळून पाहिले असून मला उशीर जाणवत नाही.’ त्याखाली सहीची रेघ. “मीटर आहे की,” तो म्हणाला होता, तेव्हा कायदावाल्याने शांतपणे सांगितलं होतं, “मीटरवर खटला भरता येत नाही.”

तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या चाचणीखोलीत येऊन तो खुर्चीत बसला आणि उजवा हात टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत राहिला. हात नेहमीसारखाच दिसत होता, जरा आगाऊच शांत. दोनच शक्यता होत्या. एक तर वायर उशीर करत होती, नाहीतर तो. वायर असू दे, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं, कारण सव्वीस वर्षं, खांबावर चढायच्या दिवसांपासून, त्याने एकच मागणं मागितलं होतं की बाबा रे, वायरीत काही नसू दे. आता तो दोष मिळावा म्हणून नवस बोलायच्या बेतात होता. मागच्या महिन्यात लेकीच्या कॉलेजच्या अर्जावर त्याने सही केली तेव्हा ती कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली होती, “बाबा, ही सही आहे की इथे मुंगी मेलीय?” सही लहान झाली होती. कधी झाली, कशी झाली, कळलं नव्हतं. हाताला वाटत होतं की तो पूर्वीएवढीच करतोय. शर्टाचं वरचं बटण लावताना हल्ली एक वाटाघाट व्हायची. आणि बायको. “तुमच्यापर्यंत हाक जायला मधे स्टेशन लागतं का हो? एकदा मारली की ओ यायला वेळ लागतो.” “विचार करत होतो.” “कसला?” “तेच ठरवत होतो.” ती हसली होती, पण हसून झाल्यावरही त्याच्याकडे बघत राहिली होती, भाजी निवडताना एखादं पान बाजूला ठेवून पुन्हा बघावं तशी. असं बघताना त्याने आधी एका बाईला पाहिलं होतं. आईला. आई बाबांकडे असं बघायची.

बाबा शहर बसचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत त्यांच्या बसने कोणाला खरचटलंही नव्हतं, आणि हे ते इतक्या वेळा सांगायचे की घरात त्याची चाल बसली होती. मग एका वर्षी ते म्हणायला लागले की ब्रेक उशिरा लागतो. डेपोतल्या मेकॅनिकने गाडी उघडली, काही सापडलं नाही. दुसरी गाडी दिली, तिचाही ब्रेक उशिरा लागायला लागला. “सगळ्या गाड्या एकाच हरामखोराच्या हातून जातात, मग दुसरं काय होणार?” बाबा जेवताना म्हणायचे, आणि आई त्यांच्याकडे ते तसं बघायची, आणि तो, तेव्हा एकोणीस वर्षांचा, ताटाकडे. कारण सगळ्यांना कळत होतं. घास हातात घेतल्यावर तो तोंडापर्यंत जायला हल्ली वेळ लागत होता. तिथे कुठला ब्रेक आला? एका सकाळी बस थांब्यावर थांबली नाही, चार हात पुढे जाऊन एका स्कूटरवाल्याच्या पायावर थांबली. पाय गुडघ्याखाली मोडला. चौकशीत बाबांनी शपथेवर सांगितलं: ब्रेक. एकतीस वर्षांचा स्वच्छ माणूस खोटं कशाला बोलेल? मेकॅनिकला काढलं. बाबांना डेपोत खिडकीवर बसवलं आणि तिथून ते सन्मानाने निवृत्त झाले. मेकॅनिक एकदा घरी आला होता, भांडायला नाही, नुसता विचारायला. दारात उभं राहून म्हणाला, “काका, मला फक्त सांगा, खरंच ब्रेक होता का?” बाबांनी उत्तर द्यायला इतका वेळ लावला की शेवटी आईने दार लावून घेतलं.

त्याने फोन उचलून थंडगार खोलीतल्या यंत्रवाल्याला लावला.

“काका, चौथ्यांदा विचारताय,” यंत्रवाला म्हणाला. “इकडून काहीही उशीर नाही.”

“पाचव्यांदा बघ.”

“बघतो. पण आता यंत्र पण लाजायला लागलंय.”

साडेअकरा ते एक तो पुन्हा वर जाऊन दोष शोधत राहिला. काचेची खोली रिकामी होती. त्याने वायर बदलली. खोकं बदललं. खेळायच्या यंत्रातले सेल बदलले. मधला जोड काढून थेट लाईन टाकली. मीटर म्हणाला अडतीस, अडतीस, सदतीस, अडतीस. आयुष्यभर असे आकडे बघून त्याला बरं वाटायचं; आज प्रत्येक अचूक आकड्यानंतर तो पुढचा जोड उघडून बघत होता. मधूनमधून तो गाढव उडवून बघत होता. गाढव पडत होतं. एकदा नाही पडलं, तेव्हा त्याला इतका आनंद झाला की पुढच्या खड्ड्याला अंगठा दाबायचाच राहिला. आणि एका क्षणी, जोडणीचा स्क्रू पिळता पिळता, त्याच्या ध्यानात आलं की ही लाईन टाकणाऱ्या पोराचं नाव आपण मनात दोनदा घेतलंय. याने जोड नीट केला नसेल. याचं काम जरा ढिलंच. उद्या लागलंच तर असं म्हणता येईल की. त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. हात अगदी साधा, सज्जन माणसाचा हात होता, त्याच्या वडिलांच्या हातासारखा.

जेवणाच्या हॉलमध्ये तक्रारबाई कोपऱ्यात एकट्याच जेवत होत्या आणि डाव्या हाताने फोनवर रंगीत फुगे फोडत होत्या. तक्रार विभाग त्यांनी वीस वर्षं सांभाळला होता. अकरा लाख घरांच्या शिव्या आधी त्यांच्या कानातून जायच्या आणि मग गाळून वर पोचायच्या. तो समोर बसला.

“चेहरा बघून वाटतंय की तुमच्या घरी पण आपलंच इंटरनेट आहे,” त्या म्हणाल्या.

“बाई, तुम्ही हे रोज खेळता?”

“नाही खेळले तर कोणाचा तरी जीव घेईन. डॉक्टरांनी नाही सांगितलेलं, माझं मीच ठरवलंय.”

“मग जरा वर येता? एक गाढव उडवून बघायचंय.”

तक्रारबाईंनी फुगे थांबवले. “लोक ऑफिसात काय काय विचारतात,” त्या म्हणाल्या, “पण हे नवीन आहे.” आणि डबा बंद करून उठल्या.

काचेच्या खोलीत त्यांनी यंत्र हातात घेतलं, चष्मा वर सरकवला, आणि पहिल्याच खड्ड्यात गाढव घातलं. दुसऱ्यातही. “अहो, हे उशिरा उडतंय की!” त्या म्हणाल्या.

त्याने खुर्ची ओढली. बसता बसता त्याला कळलं की कंपनीचं वर्षाचं काम, साठ माणसं, सगळं बुडाल्याची ही बातमी आहे आणि आपल्याला पेढे वाटावेसे वाटतायत. “नक्की?” त्याने विचारलं. “नक्की,” बाई म्हणाल्या. “माझ्या फोनवर फुगा दाबला की फुटतो. हे गाढव आधी विचार करतंय. टीव्ही कोणाचा आहे?”

“टीव्ही ग्राहकाचा,” तो म्हणाला. तोंडून निघून गेलं. या धंद्यातली पहिली ओळ ती होती, लाईनवाल्यांच्या पुस्तिकेत छापलेली: आपलं काम खोक्यापर्यंत. खोक्यापुढे ग्राहकाचा टीव्ही आणि ग्राहकाचं नशीब. चित्र पिवळं दिसतंय? टीव्ही तपासून घ्या. तक्रारबाईंनीच हे वाक्य वीस वर्षांत लाखभर वेळा म्हटलं असेल. म्हणून मीटर खोक्यापर्यंतच मोजत होता. दोन समित्यांनी, तीन अहवालांनी खोक्यापर्यंतच मोजलं होतं, कारण पुढे काही असतं हे केबलच्या माणसाला शिकवलेलंच नसतं. दोघांनी एकदमच त्या टीव्हीकडे पाहिलं. संचालकांनी खास या खोलीसाठी आणलेला, भिंतभर. येणारं प्रत्येक चित्र तो आधी अडवून धरत होता, त्याला पावडर लावत होता, कडा गुळगुळीत करत होता, आणि मगच बाहेर सोडत होता. सिनेमाला त्याचं काही नव्हतं. नटीला तयार व्हायला वेळ लागतोच. पण गाढवाला नटवण्यात त्याची उडी हुकत होती.

टीव्हीच्या आतल्या यादीत, सात पायऱ्या खाली, ते नटवणं बंद करायची सोय सापडली. चित्र जरा फिकं झालं, गाढव खरं दिसायला लागलं. तक्रारबाईंनी यंत्र घेतलं आणि आठ खड्डे सलग पार केले. “आता कसं? आता शहाणं झालं,” त्या म्हणाल्या.

“पुरावा लागेल. तुमच्या फोनवर संथ फिल्म घेता येते ना? अंगठा आणि पडदा, दोन्ही दिसले पाहिजेत. मी दाबतो.”

त्याने दाबलं. गाढव पडलं. त्याने पुन्हा दाबलं. पडलं. दहातली सहा. तक्रारबाई फोन धरून उभ्या होत्या. मग दोघांनी ती फिल्म संथ करून पाहिली. अंगठा खाली जातो आणि जवळजवळ लगेच गाढवाचे पाय उचलतात. वायर, खोकं, टीव्ही, सगळे आपापलं काम चोख करतायत. फक्त अंगठा खाली जातो तेव्हा गाढव काठावर पोचलेलं आहे. त्याला स्पष्ट आठवत होतं की आपण बरंच आधी दाबलं. फिल्ममध्ये त्या ‘आधी’च्या जागी एक अंगठा दिसत होता, बटणावर टेकलेला, स्तब्ध, जणू काही त्याला अजून कोणी सांगितलेलंच नाही. मीटर खोक्यापर्यंत होता, त्याने तो पडद्यापर्यंत नेला होता. उरलेला उशीर बटणाच्या अलीकडे होता. तिथे वायर नव्हती.

तक्रारबाईंनी फिल्म पुन्हा लावली नाही. फोन बंद करून पर्समध्ये ठेवला.

तीन वाजता खोली भरली. विक्रीप्रमुखाने स्वतः गाढव उडवलं आणि ओरडला, “अरे! हे तर लोण्यासारखं चाललंय! मी तीन महिने काय अंदाजाने उडवत होतो की काय?” टीव्हीची गोष्ट कळल्यावर संचालक इतके खूश झाले की त्यांनी टीव्हीच्याच पाठीवर थाप मारली. खोक्याबरोबर एक चिठ्ठी द्यायची, टीव्हीचं नटवणं कसं बंद करायचं त्याची. पहिल्यांदाच केबलवाला खोक्याच्या पुढे गेला, आजवर कोणाच्या लक्षात आलं नव्हतं, मीटरकाकांची सव्वीस वर्षांची नजर, असं ते सांगत सुटले. टाळ्या वाजल्या. कायदावाल्याने कागद सरकवला, पेन वर ठेवलं. मी स्वतः खेळून पाहिले असून मला उशीर जाणवत नाही. रेघ चांगली लांब होती. त्याच्या सहीला तिचा तिसरा भागही लागला नसता. सही केली असती तरी खेळ खरंच चांगला होता, कोणाचं काही नुकसान नव्हतं, कुठल्या मेकॅनिकची नोकरी जात नव्हती. या खेपेला खोटं अगदी निरुपद्रवी होतं, आणि पुढच्या खेपेला कुठली तरी वायर असती, आणि ती टाकणाऱ्याचं नाव त्याच्या मनात आधीच दोनदा येऊन गेलं होतं.

“सही बाईंची घ्या,” तो म्हणाला. “माझी नको.”

“वा वा,” संचालक म्हणाले, “बघा, याला म्हणतात मोठेपणा. श्रेय सुद्धा वाटून घेतोय माणूस!” पुन्हा टाळ्या.

आता दुसऱ्यांदा सांगणं भाग होतं, आणि दुसऱ्यांदा सांगणं फार जड असतं. पहिल्या वेळी माणूस घसरून सांगू शकतो. “साहेब, मोठेपणा नाही. मला अजून उशीर जाणवतोय. खेळात काही नाही, खेळ उत्तम आहे. माझा अंगठा उशिरा पोचतो. फिल्म आहे बाईंकडे. हे वाक्य मी लिहिलं तर ते खोटं होईल.”

टाळ्या एकेक करून थांबल्या. सगळ्यांत शेवटी विक्रीप्रमुखाच्या. संचालकांनी कागदाकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या मीटरकडे, जणू या गोष्टीचाही आकडा तिथे येईल. कायदावाल्याने घसा साफ केला आणि ज्यासाठी त्याला पगार मिळत होता तो प्रश्न विचारला: “म्हणजे गेल्या सहा महिन्यांत हाताने केलेल्या चाचण्या, ज्यांवर तुमच्या सह्या आहेत...?”

“पुन्हा करून घ्या,” तो म्हणाला. “दुसऱ्या कोणाच्या तरी हाताने.”

“बरं,” संचालक म्हणाले. मग पुन्हा, “बरं.” त्यांच्या बोलण्यात एकदम आदर आला होता, आजारी माणसाशी बोलताना येतो तो, आणि त्याला कळलं की चाचणीखोलीची किल्ली आता आपल्याकडे फार दिवस राहणार नाही. “तुम्ही जरा... आराम करा. बघू आपण. आधी हे उरकून घेऊ.”

तक्रारबाईंनी कागद ओढून मोठी, गोल सही ठोकली आणि परत सरकवला. ऑर्डर गेली. विक्रीप्रमुख हळू आवाजात कोणाला तरी फोन करायला बाहेर पडला, त्याच्यामागे बाकीचे, खुर्च्या उचलून मागे घेत, आवाज न करता. संचालकही गेले. तक्रारबाई गेल्या नाहीत. त्यांनी आपली खुर्ची त्याच्या खुर्चीसमोर वळवून घेतली, पडद्यावर वाट बघत पाय आपटणाऱ्या गाढवाकडे पाठ करून बसल्या, आणि घाई नसलेल्या, साध्या आवाजात विचारलं, “कधीपासून होतंय?”

“मागच्या पावसाळ्यापासून,” तो म्हणाला. “छत्री उघडेपर्यंत मी भिजलेला असायचो. बायको म्हणायची, छत्री बदला.”

“बदललीत?”

“दोनदा,” तो म्हणाला, आणि पुढचं सांगायला लागला. मधे थांबला की बाई वाट बघत होत्या.